शंभर पट नीलकंठ

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला पुरण वाटून झालं होतं, कढीला फोडणी पडली होती, घट उठले होते आणि रुख्मिणीबाईंनी अजून चहासुद्धा घेतला नव्हता. नवरात्राचा उपवास त्या नीलकंठ पक्षी पाहूनच सोडत. एकतीस वर्षांत त्यात खंड नव्हता. पूर्वी हे सोपं होतं. अमरावतीत कठोरा नाका ओलांडला की वावरं लागायची, आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या तारेवर तो बसलेला असायचाच. जणू त्यालाही तिथी ठाऊक होती. आता नाक्यापलीकडे दूरवर घरांचे लेआउटच आहेत. तिथल्या तारा जमिनीखालून गेल्या, आणि नीलकंठाला जमिनीखाली बसता येत नाही.

यंदा आणखी एक ओझं होतं. अकोल्याची नणंद सिंधूबाई, तिचाही हाच नेम. दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरून तिचा पाय मोडला होता. पायाला प्लास्टर, घर दुसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवर नीलकंठ येण्याची काहीच शक्यता नव्हती. वरून साखरेचा आजार. घटस्थापनेच्या दिवशी फोनवर तिचा आवाज इतका पडला होता, की रुख्मिणीबाई बोलून गेल्या, "तुमी काळजी नका करू सिंधूबाई. मी पाहीन, अन् शिवमच्या फोनात तुमालेबी दाखवीन. मंग दोघी संगच जेवू."

शब्द देऊन झाला, आणि आज सकाळपासून सिंधूबाईंचे तीन फोन येऊन गेले होते.

"वहिनी, दिसला काय?"

"निघूनच राहिलो."

"सावकाश निघा. मले थोडी चक्कर येऊन राहिली, पण घाई नाई. गोळी उपाशीपोटी घ्याची नसते म्हणून नुसती हातात धरून बसली."

घाई नाही, हे ज्या आवाजात सांगितलं गेलं त्यानंतर रुख्मिणीबाईंना पायात चप्पल घालायलाही वेळ लागू नये असं वाटलं. पण शिवमचं वेगळंच चाललं होतं.

शिवम म्हणजे त्यांचा मुलगा. पतसंस्थेत नोकरीला. त्याने घटस्थापनेच्या मुहूर्तावर नवा फोन घेतला होता आणि गेले नऊ दिवस तो कोणतीही वस्तू आधी फोनमध्ये आणि मग जमल्यास डोळ्यांनी पाहत होता. घटातल्या धानाचा कोंब, भिंतीतली ओल, साबुदाण्याचा एक दाणा, सगळ्यांचे फोटो झाले होते. परवा बायकोने भाजीत मीठ आहे का विचारलं तर त्याने आधी भाजीचा फोटो काढला.

"बाहेर जाची गरजच नाई," तो म्हणाला. "शंभर पट झूम हाय. गच्चीवरून वलगावचे पक्षी मोजून देतो."

"मोजाचे नाई बापा, एक पाहाचा हाय," रुख्मिणीबाई म्हणाल्या. पण गच्चीवर गेल्या.

गच्चीवरून वलगाव दिसलं नाही. टाक्या दिसल्या. टाक्यांच्या मागे आणखी टाक्या होत्या. एक निळसर मान सापडली, ती कबुतराची निघाली. मग फोन तीन घरं सोडून एका गच्चीवर स्थिरावला आणि पडद्यावर बापूसाहेब वकील अवतरले. कमरेला पंचा, अंगाला तेल, आणि छातीवरचा केस न् केस वेगळा.

शिवमला भरून आलं. "पाह्य आई. क्वालिटी पाह्य."

"मले वकिलाचं दर्शन नाई घ्याचं," रुख्मिणीबाईंनी पदर डोळ्यांपुढे धरला.

बापूसाहेबांनी फोन पाहिला होता. कोर्टात जो आवाज त्यांनी चाळीस वर्षं वापरला तोच लावून ते म्हणाले, "शिवम, माझा फोटो काढतोस?"

"नाई काका. नीलकंठ शोधून राहिलो."

"मग मी काय तुला निळा दिसलो?"

शेवटी गाडी काढावी लागली. गाडी सकाळीच धुऊन, पुजून झाली होती. समोर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. चालवायला शिवमची बायको पौर्णिमा बसली. शाळेत शिकवते, त्यामुळे शेजारी कोणी कितीही बोललं तरी तिचं लक्ष हलत नाही. मागे शिवम, काच खाली करून, फोन बाहेर धरून. त्याच्या शेजारी रुख्मिणीबाई. पुढे पंजाबराव, शिवमचे वडील, निवृत्त हेडमास्तर. त्यांचा उपवास नव्हता, पण घरात कोणी जेवलं नसताना आपण कसं जेवायचं, या विचारात सकाळपासून ते अडकले होते, आणि पुरणाचा वास अजून त्यांच्या सदऱ्यात होता.

वलगाव मागे पडलं तशी वावरं लागली. कुठे सोयाबीनची सोंगणी झालेली, कुठे पऱ्हाटीला पहिली बोंडं फुटलेली. तारा मुबलक होत्या. त्यांवर पक्षीही होते. शिवम प्रत्येकाला शंभर पट मोठा करून पाहत होता.

"कावळा. कोतवाल. होला. अजून एक होला. हा... हासुद्धा होला."

"होले मले चष्म्याशिवायबी दिसून राहिले," पंजाबराव म्हणाले. "त्याच्यासाठी इतका फोन काहून लागला?"

"बाबा, तुमाले होला दिसते. मले होल्याच्या चोचीतला दाणा दिसते."

"मंग थो मागून घे. मले भूक लागली."

सिंधूबाईंचा चौथा फोन आला. नुसता एक उसासा अकोल्याहून आला. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "दहा मिनिटं," आणि फोन ठेवून त्यांनी मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली, कारण दहा मिनिटं कशाच्या आधारावर म्हटलं ते त्यांनाच माहीत नव्हतं.

"थांब, थांब," शिवम एकदम बोलला. "डावीकडं. थे काय बांबूवर."

गाडी कडेला लागली. तीन-चार वावरं सोडून पऱ्हाटीत एक उंच बांबू उभा होता, आणि त्याच्या टोकावर काहीतरी निळं होतं. नुसत्या डोळ्यांना तो एक ठिपका होता. शिवमने कोपर खिडकीवर टेकवलं, श्वास रोखला आणि पडदा ताणत नेला. पडद्यावर निळा डाग थरथरत होता. त्याने फोटो काढला. फोनवर एक वर्तुळ फिरू लागलं.

"काय करून राहिला थो?" पंजाबरावांनी विचारलं.

"प्रोसेसिंग. फोन विचार करते बाबा."

फोनने दोन-तीन सेकंद विचार केला, आणि डाग हळूच पुसला जाऊन त्याजागी नीलकंठ आला. निळे पंख, तपकिरी छाती, किंचित वळवलेली मान, आणि पाणीदार काळा डोळा. कॅलेंडरवर छापतात तसा.

पंजाबरावांनी टोपी सारखी केली. "मानलं बाप्पा," ते म्हणाले.

शिवमने तो लगेच आत्याला पाठवला, आणि त्याच झटक्यात 'गोतावळा' नावाच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही टाकला. मिनिटभरात सिंधूबाईंचा फोन आला. आवाजात जीव आला होता.

"दिसला वं वहिनी. कसा माह्याकडंच पाहून राहिला. मी फोन देवापाशी ठेवला, पाया पडली, अन् पोळीचा एक घास घेऊन गोळी घेतली. आता तुमीबी घरी जाऊन जेवा."

ग्रुपवर जोडलेले हात येऊ लागले. तेल्हाऱ्याच्या गजेंद्रने, म्हणजे पंजाबरावांच्या पुतण्याने, लिहिलं की घरातल्या तिन्ही बायांनी दर्शन घेऊन उपवास सोडला, शिवमचे उपकार. शिवमने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. पौर्णिमाने गाडी सुरू केली.

"काहून?" रुख्मिणीबाईंनी विचारलं. "मी कुठी पाह्यला अजून?"

"हा काय, फोनात."

"फोनात सिंधूबाईचं चालते, तिचा पाय मोडला. माहे पाय चांगले हाय."

जवळ जावं तर पक्षी उडेल, म्हणून तो उडून इकडे येईल याची वाट पाहायचं ठरलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ऊन चढलं. बांबूवरचा पक्षी जागचा हलला नाही.

"मेला असन," पंजाबराव म्हणाले.

"नीलकंठ असाच बसते. किड्याची वाट पाहत तास तास बसते," शिवमने फोनमध्ये वाचून सांगितलं.

पौर्णिमाने इतक्यात आपल्या फोनवर एक फोटो काढून पाहिला. तिचा फोन जुना, काचेला तडा गेलेला. शिवम त्याला डबा म्हणे. "मले तर हे फडकं वाटून राहिलं," ती शांतपणे म्हणाली.

"तुह्या डब्यात सगळंच फडकं दिसते. माहा मागच्या वर्षीचा वाढदिवस आठव."

"त्यात तुमी जसे हाय तसेच दिसले होते," पौर्णिमा म्हणाली.

रुख्मिणीबाई तोवर गाडीतून उतरल्या होत्या. निऱ्या वर धरून त्यांनी धुऱ्याची, दोन वावरांमधल्या बांधाची, वाट धरली. उपाशी पोटाला ऊन जास्त लागतं, पण त्या थांबल्या नाहीत. मागून तिघांनाही निघावं लागलं. शिवम दर वीस पावलांवर "हळू, हळू" म्हणत होता. निंबाच्या सावलीत एक म्हातारा शेतकरी बिडी ओढत बसला होता. पुंजाजी त्याचं नाव. चार जण एका ओळीत, दबक्या पावलांनी, आकाशाकडे पाहत आपल्या वावरात शिरताना त्याने पाहिले, आणि बिडी विझवली.

"काय हरवलं बाई?"

"काई नाई भाऊ," रुख्मिणीबाई कुजबुजल्या. "तुमच्या बांबूवर नीलकंठ बसला हाय. दर्शन घ्याले आलो."

पुंजाजीने बांबूकडे पाहिलं. मग रुख्मिणीबाईंकडे पाहिलं. माणसं शहरातली होती, सणाचा दिवस होता, तो जमेल तितक्या नरमाईने म्हणाला, "थे माह्या बायकोचं लुगडं हाय."

"कोणतं?"

"जुनं. फाटलं होतं. रोही, म्हणजे नीलगाई, येऊन राहिले ना पऱ्हाटीत, म्हणून बुजाले बांधलं. वारा असला का फडफडते. आज वारा नाई."

शिवमला हे पटलं नाही. त्याने फोन पुढे केला. "भाऊ, हे पाहा. पंख हाय. छाती हाय. डोळा पाहा, डोळा."

पुंजाजीने फोन दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ निरखला. मग तो बांबूखाली जाऊन वर पाहून आला. "पंख होऊ शकते, गाठीचं टोक हाय," तो म्हणाला. "पण लुगड्याले डोळा कुठून आला?"

शिवमने फोन परत घेऊन तो डोळा मोठा करून पाहिला. मग तो हळूच म्हणाला, "फोननं टाकला असन."

"काहून?"

"त्याले वाटलं असन, पक्षी हाय तर डोळा पाह्यजे."

"हुशार हाय," पुंजाजी म्हणाला. "मले पाठवजा थो फोटो. बायकोले दाखवतो. तिचं लुगडं पाहून लोक उपवास सोडून राहिले म्हणावं."

रुख्मिणीबाई धुऱ्यावरच बसल्या. एकतीस वर्षांचा नेम आज मोडतो की काय, ही भीती एकीकडे, आणि अकोल्यात सिंधूबाई लुगड्याला नमस्कार करून जेवली, हे दुसरीकडे. पौर्णिमाने त्यांच्या डोक्यावर ओढणी धरली. पुंजाजीने मडक्यातलं पाणी आणलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"नीलकंठच पाहाचा होता तर इतक्या आत काहून आले?" पुंजाजीने विचारलं. "थो रस्त्यावरच्या तारेवर बसते. रोजचीच जागा. तुमी गाडी उभी केली ना, बरोबर तिच्या वर."

चौघांनी एकदम मागे पाहिलं. गाडीच्या वरच्या तारेवर एक पक्षी बसला होता. ते गाडीत बसून शंभर पट दूर पाहत होते तेव्हाही बहुधा तो तिथेच होता. मिटल्या पंखांनी तो काही विशेष दिसत नव्हता; मातकट, जाड मानेचा, दुपारच्या उन्हाला पाठ देऊन बसलेला. रुख्मिणीबाई उठल्या आणि हात जोडून पावलापावलाने निघाल्या. शिवमने फोन सरसावला. फोटो निघाला, फोनने पुन्हा विचार केला. आणि मग पक्षी उडाला.

उडताना पंख उघडले. कोणी निळ्या रेशमाची घडी एका झटक्यात उलगडावी तसं झालं. गडद निळा, त्यात फिका निळा, पुन्हा गडद. चार वेळा पंख हलले असतील. मग तो तुरीपलीकडे गेला. रुख्मिणीबाई हात जोडून तशाच उभ्या राहिल्या, आणि मग पुंजाजीकडून पाणी मागून त्यांनी दोन घोट घेतले.

शिवमच्या फोनमध्ये उडतानाच्या फोटोत फक्त तार आली होती. पक्ष्याने जाण्याआधी काचेवरच्या स्वस्तिकावर नेमकं मधोमध जे टाकलं, ते मात्र स्पष्ट दिसत होतं.

"झालं तुहं," पंजाबराव म्हणाले. "आता घरी चाल. पुरण आंबून जाईन."

"आधी सिंधूबाईले खरं सांगा."

"थे जेवली. गोळी घेतली. आता काय पोटातून काढतं?"

"मी नीलकंठ दाखवीन म्हटलं होतं. लुगडं दाखवीन असं नोतं म्हटलं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच पंजाबराव निमूट गाडीत जाऊन बसले.

शिवमने बसलेल्या पक्ष्याचा फोटो आत्याला पाठवला, ग्रुपवरही टाकला, आणि खाली खरं ते लिहिलं. गाडी वलगावला पोचायच्या आत सिंधूबाईंचा फोन आला. शिवमने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"वहिनी, हे काय पाठवून राहिले?"

"हा खरा हाय सिंधूबाई. मघाचं बांबूवरचं फडकं होतं. मी स्वतः जाऊन पाह्यलं."

"फडक्याले डोळा असते काय?"

"फोननं टाकला."

पलीकडे सुनेशी काही कुजबुज झाली. मग सिंधूबाई अगदी मायेने बोलल्या. "वहिनी, तुमी नऊ दिवसाच्या उपाशी. त्यात ऊन. हा जो तुमी पाठवला, हा मातकट होला हाय. माह्या सुनेनंबी पाह्यला, तीबी होलाच म्हणते."

"उडाला तवा पंख निळे होते."

"उपाशीपोटी काईबाई दिसते बाई. मले तर सकाळी गोळीसुद्धा निळी दिसून राहिली होती." आणि मग, जरा आवाज बारीक करून, "दसऱ्याच्या दिवशी माहा नेम खोटा नका पाडू. मी देवापाशी ठेवला थो फोटो."

ग्रुपवर तोवर निकाल लागला होता. गजेंद्रने लिहिलं, 'काकू, दुसरा होला आहे, पहिलाच ओरिजिनल.' त्याखाली अकरा जणांनी अंगठा दिला. नातेवाइकांतल्या एकाने पहिल्या फोटोला झेंडूची चौकट लावून 'सर्वांना नीलकंठ दर्शन' असं लिहून पुढे पाठवलासुद्धा होता. शिवमने 'ते खरंच लुगडं आहे' असं टाकलं, तर हसणारे चेहरे आले. नऊ दिवस त्याने सगळ्यांना आपल्या फोनचा फोटो म्हणजे काय असतो ते पटवलं होतं. ते आता पूर्ण पटलं होतं.

घरी पोचायला अडीच वाजले. पोळ्या लाटून ताटं वाढेपर्यंत तीन. रुख्मिणीबाई पानावर बसल्या आणि घास उचलेनात.

"आता काय राह्यलं?" पंजाबरावांनी विचारलं. त्यांची पहिली पोळी संपली होती.

"संगच जेवू म्हटलं होतं."

पौर्णिमाने उठून अकोल्याला फोन लावला आणि ताटाशेजारी तांब्याला टेकवून ठेवला. सिंधूबाईंनी ऐकलं, आणि प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, शुगरचा विचार न करता अर्धी पोळी आणखी वाढून घेतली. "घ्या वहिनी," त्या पलीकडून म्हणाल्या. "पण मनात थो पहिलाच आणा हं." रुख्मिणीबाईंनी घास घेतला. मनात काय आणलं ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी बापूसाहेब वकील सोनं द्यायला आले. आता अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि सकाळचा राग उतरला होता. आपट्याची पानं देऊन, घेऊन झाल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला.

"वहिनी, तुम्ही सकाळी नीलकंठ शोधत होतात. हे पाहा. नागपूरहून माझ्या साडूने पाठवला. याला म्हणतात फोटो. शिवम, तूही पाहा, शीक काही."

झेंडूच्या चौकटीत, निळे पंख किंचित उचलून, पुंजाजीच्या बायकोचं लुगडं पाणीदार डोळ्याने सगळ्यांकडे पाहत होतं. शिवम उठून आत गेला. पंजाबरावांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, जे सकाळचं होतं आणि उलटं होतं.

रुख्मिणीबाईंनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. पोटाच्या खाली फोनला काय करावं ते न सुचल्यामुळे एक बारीक लाल रेघ तशीच राहून गेली होती. ज्या बाईने ते लुगडं नेसून झिजवलं असेल ती त्यांनी पाहिली नव्हती. तरी दसरा होता, आणि तिच्या लुगड्याने आज किती घरांचे उपवास सोडवले होते, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हात जोडले.

"काठ चांगला हाय," त्या म्हणाल्या.

"कशाचा काठ?"

"लुगड्याचा."

बापूसाहेबांनी फोन खिशात ठेवला, वहिनींच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे काळजीने पाहिलं, आणि पंजाबरावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "त्यांना आज लवकर झोपू द्या. नऊ दिवस म्हणजे थोडे नाहीत."